छाप्याच्या दुसऱ्या दिवसापासून : देहव्यापारातून सुटलेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेला मदत कशी करावी

चर्चच्या महिला मंडळात हा विषय निघाला की हळहळ खूप होते आणि शेवटी ठरतं ते जुन्या साड्यांचं गाठोडं आणि नाताळचा केक. देणाऱ्याची नियत चांगलीच असते. पण कुंटणखान्यातून बाहेर पडलेल्या बाईला त्या क्षणी काय लागतं आणि दोन वर्षांनी काय लागतं, हे माहीत नसलं की चांगली नियतही संस्थेच्या गोदामात जाऊन पडते. छाप्याच्या बातमीला पैसे पटकन जमतात. त्यानंतरच्या वर्षांचा खर्च मात्र कोणी विचारत नाही, आणि खरी ओढाताण तिथेच असते. पैसा, वेळ, नोकरी किंवा पॅरिशचं (चर्चच्या स्थानिक मंडळीचं) पाठबळ यांपैकी काहीही द्यायच्या तयारीत असाल, तर पुढचं वाचा. विषय ख्रिस्ती संस्थांचा आहे, पण बराचसा भाग कुठल्याही संस्थेला लागू पडेल.

पहिली पायरी : सुटकेनंतरचा रस्ता समजून घ्या

कामाठीपुरा, फॉकलंड रोड, पुण्याची बुधवार पेठ, नागपूरची गंगाजमुना. छापा कुठेही पडला तरी पुढचा रस्ता कायद्याने आखलेला आहे. हा कायदा म्हणजे १९५६ चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम. पोलीस आणि कार्यकर्ते त्याला ‘पिटा’ म्हणतात. छाप्याच्या वेळी किमान दोन महिला पोलीस सोबत असाव्या लागतात. बाईची चौकशी महिला पोलिसानेच करायची. ती नसेल तर मान्यताप्राप्त समाजसेवी संस्थेच्या महिला सदस्यासमोर करायची. संस्थेचं काम इथून सुरू होतं. रात्री दोन वाजता पोलीस ठाण्यात बसून राहील, तिला चहा देईल, तिच्याशी बंगाली, कन्नड किंवा नेपाळीत बोलेल असं एक माणूस तिथे लागतं.

मग रस्ता दोन दिशांना फुटतो. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करायचं. वयाबद्दल शंका असेल तर आधी वय ठरवायचं. ‘प्रेरणा’ या मुंबईच्या संस्थेने दाखल केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये याबाबत स्पष्ट निर्देश दिले. त्याच निकालात आणखी एक मोलाची गोष्ट आहे : दलालाचा किंवा घरवालीचा (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचा) वकील त्याच खटल्यात सुटका झालेल्या मुलीचा वकील म्हणून उभा राहू शकत नाही. ही अट का घालावी लागली, ते मुंबईच्या कोर्टांत एखादी दुपार काढलेल्याला सांगायला नको.

सज्ञान बाई दंडाधिकाऱ्यापुढे जाते. चौकशी होईपर्यंत तिला तात्पुरतं सुरक्षित जागी ठेवता येतं आणि ती मुदत तीन आठवड्यांची आहे. चौकशीनंतर दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश देऊ शकतात, असं कलम १७ सांगतं. मात्र सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुणींना सोडताना ठणकावून सांगितलं की देहविक्रय हा या कायद्याखाली त्या बाईचा गुन्हा नाही आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांना संरक्षणगृहांची पाहणी करायला सांगितलं. सज्ञान स्त्रिया मनाविरुद्ध ठेवलेल्या असतील तर त्यांच्या सुटकेचा विचार व्हावा, असा तो निर्देश होता.

संस्था पारखताना हे दोन निकाल हाताशी ठेवा. ‘आमच्याकडच्या मुली बाहेर जाऊ शकत नाहीत’ असं एखादी संस्था अभिमानाने सांगत असेल, तर तिथल्या सज्ञान बायका कुठल्या आदेशाने आत आहेत, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरी पाठवण्याआधी आणखी एक टप्पा येतो. आईबाप म्हणून आलेली माणसं खरंच आईबाप आहेत का, आणि असतील तर मुलीला विकण्यात त्यांचाच हात होता का? कलम १७-अ मुळे ही खात्री मान्यताप्राप्त संस्थेमार्फत चौकशी करून घ्यावी लागते. कार्यकर्ती मुर्शिदाबादला किंवा उत्तर कर्नाटकातल्या एखाद्या वस्तीवर जाते, शेजाऱ्यांशी बोलते, अहवाल लिहिते. या प्रवासाला देणगी मागितली तर लोक नाक मुरडतात. ‘एवढं रेल्वेचं भाडं कशाला?’ हा प्रश्न मी एकाहून अधिक समित्यांच्या बैठकीत ऐकला आहे. पण हा प्रवास चुकला तर मुलगी परत त्याच दलालाच्या हाती पडते.

दुसरी पायरी : एखादी मुलगी अडकली आहे अशी शंका आली तर

इथे थोडक्यात सांगतो, कारण करायचं कमी आणि टाळायचं जास्त आहे. तातडीचं असेल तर ११२. मुलगी लहान वाटत असेल तर १०९८. महिला हेल्पलाइन १८१. पत्ता, मजला, वेळ आणि काय पाहिलं तेवढंच सांगा. अंदाज सांगू नका. अल्पवयीन मुलीच्या लैंगिक शोषणाची माहिती असूनही ती न कळवणं हा पॉक्सो म्हणजे बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे ‘आपल्याला काय करायचंय’ ही पळवाट बंद आहे.

स्वतः आत जाऊ नका. फोटो, व्हिडिओ काढू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरवालीला पैसे मोजून मुलगी ‘सोडवून’ आणू नका. दयाळू ख्रिस्ती माणसाला हा मोह हटकून होतो, कारण येशूने खंडणी भरून माणसाला सोडवलं ही बायबलची भाषा त्याच्या कानावर लहानपणापासून असते. पण त्या पैशात त्याच खोलीत दुसरी मुलगी येते, आणि तुमच्या हाती ना पंचनामा राहतो ना गुन्हा. मानवी तस्करीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ आहे, भारतीय दंड संहितेतल्या जुन्या कलम ३७० च्या जागी. तस्करी ठरवताना बळीची संमती विचारातच घेतली जात नाही, हे लक्षात ठेवा. ‘ती आपल्या मर्जीनं आली’ असं ठाण्यात कोणी म्हणालं, तर हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

तिसरी पायरी : संस्था कशी पारखायची

कागद आधी बघा. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, किंवा सोसायटी वा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (ना-नफा) कंपनी असेल तर त्याचे कागद. अठराच्या आतल्या मुली ठेवत असतील तर बाल न्याय अधिनियम २०१५ खालची नोंदणी अनिवार्य आहे. ती नसेल तर तिथून निघा, कितीही सुंदर भजनं होत असोत. सज्ञान स्त्रियांसाठी संरक्षणगृह चालवत असतील तर पिटाच्या कलम २१ खालचा परवाना. सरकारी अनुदान असेल तर ते पूर्वी ‘उज्ज्वला’ योजनेतून यायचं, आता ‘मिशन शक्ती’तल्या ‘शक्ती सदन’ योजनेतून. ताळेबंद मागा. काही संस्था तो दाखवायला कां-कूं करतात आणि त्याच वेळी माहितीपटाची लिंक मात्र आनंदाने पाठवतात. अशा वेळी काय समजायचं ते समजा.

कागदांनंतर माणसं. समुपदेशक पगारी आहे की येऊन-जाऊन? रात्री कोण असतं? गृहमातेला सुट्टी कधी मिळते? गेल्या वर्षी किती मुली पळून गेल्या? हा शेवटचा प्रश्न उद्धट वाटेल, पण जरूर विचारा. ‘एकही नाही’ हे उत्तर मला चिंतेचं वाटतं. मुली पळून जातात, परत धंद्यात जातात, वर्षाने फोन करतात. मारहाण, दारू, कर्ज आणि धमक्या यांतून एखादा माणूस तिला जगवत आलेला असतो, आणि बऱ्याचदा तोच तिला विकणाराही असतो. त्याच्याकडे परत जाणं बाहेरच्याला वेडेपणा वाटतो. चांगली संस्था परतलेल्या मुलीला पुन्हा आत घेते आणि तिची नोंद प्रामाणिकपणे ठेवते.

फोटो. संस्थेच्या पत्रकावर मुलीचा चेहरा दिसतो का? डोळ्यांवर काळी पट्टी मारून गावाचं नाव छापलंय का? बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आणि पॉक्सोचं कलम २३ मुलांची ओळख उघड करायला मनाई करतात. बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ जपतं. इथे कायदा मोडणारी संस्था बाकी ठिकाणी काटेकोर असेल, अशी अपेक्षा धरू नका.

चौथी पायरी : श्रद्धेचा प्रश्न सरळ विचारा

ख्रिस्ती संस्थेबाबत हा प्रश्न बहुतेक जण मनात ठेवतात आणि पाठीमागे बोलतात. महाराष्ट्रात तो नवा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदासदन हे विधवांसाठीचं निवासी विद्यालय काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. धर्मशिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतःच्या खोलीत, दार उघडं ठेवून प्रार्थना करीत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उघडं दार म्हणजे मोकळीक की आमिष, हा वाद तेव्हा मिटला नाही आणि आजही प्रत्येक संस्थेच्या दारात तो उभा आहे.

रमाबाईंच्या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलम भागातलं, ‘पतित’ म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठीचं घर दाखवलं. अशा बायकांशी कोणी मायेने वागू शकतं, हे त्यांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पुढे दौंडजवळ केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं आणि तिथेच ‘कृपासदन’ नावाचं अशा स्त्रियांसाठीचं वेगळं घर झालं. केडगावच्या बायका शेती करीत, विणकाम करीत, छापखाना चालवीत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं. प्रार्थनेइतकंच हाताला कामही हवं, ही गोष्ट तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेली होती.

तर आज काय विचारायचं? सकाळची प्रार्थना ऐच्छिक आहे का, आणि न येणारी त्या वेळात काय करते? मुसलमान मुलीच्या रोज्याची, हिंदू मुलीच्या उपासाची सोय स्वयंपाकघरात होते का? तिला मंदिरात जायचं असेल तर कोणी सोबत जातं का? बाप्तिस्म्याचा विषय निघालाच तर संस्थेचा नियम काय? अन्न, अंथरूण, वकील आणि समुपदेशन यांपैकी काहीही प्रार्थनेवर अवलंबून नसावं. बालगृहातल्या मुलीचा तर प्रश्नच येत नाही. तिची जबाबदारी बालकल्याण समितीची आहे. ज्या धर्मभगिनी वर्षानुवर्षं हे काम करतात, त्यांना हे प्रश्न विचारले तर त्या रागावत नाहीत. उलट तपशिलात उत्तरं देतात, कारण त्यांनी ती आधीच स्वतःला दिलेली असतात.

एक हिशेबाची बाब. ८०जी ची करसवलत (देणगीदाराला मिळणारी आयकरातली वजावट) असलेल्या संस्थेने उत्पन्नाच्या पाच टक्क्यांहून अधिक रक्कम धार्मिक कामावर खर्च करायची नसते. ताळेबंदात ते दिसतं.

पाचवी पायरी : पैसे

एकदाच पंचवीस हजार देण्यापेक्षा दरमहा हजार द्या, आणि ‘फक्त मुलींसाठीच वापरा’ अशी अट घालू नका. मुलींसाठीचा सगळ्यात मोठा खर्च पगाराचाच असतो : गृहमाता, समुपदेशक, वकिलाची फी, रात्रपाळीची बाई. शिलाई मशीन द्यायला दहा जण तयार असतात. शिलाई शिकवणाऱ्या बाईंचा पगार द्यायला कोणी नाही. बऱ्याच आश्रयगृहांच्या माळ्यावर मशीनं धूळ खात पडलेली आहेत.

रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर ८०जी ची वजावट मिळत नाही, आणि ती वजावट जुन्या कररचनेतच आहे. बँकेतूनच द्या.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी : तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्या स्वतःच्या बचतीतली देणगी विदेशी योगदान धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल, मग ओसीआय कार्ड असलं तरी, ती देणगी विदेशी ठरते. अशा वेळी संस्थेची एफसीआरए (विदेशी योगदान नियमन कायद्याखालची) नोंदणी असलीच पाहिजे आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच गेले पाहिजेत. ‘माझ्या भावाच्या खात्यात टाका, तो देईल’ हा उद्योग करू नका. त्यात संस्थेची नोंदणी जाऊ शकते. २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे देताही येत नाही, त्यामुळे मोठ्या चर्चला देऊन ‘तुम्ही पुढे पोचवा’ हेही बंद झालं.

वस्तू द्यायच्याच असतील तर आधी फोन करून यादी घ्या. साधारणपणे नवी अंतर्वस्त्रं, पॅड, चपला, औषधं, रेल्वेप्रवासाची बॅग आणि शाळेची फी यांची गरज असते. वापरलेले कपडे नकोत. वाढदिवसाला जेवण घेऊन आश्रयगृहात जायची पद्धतही सोडा. जेवण पाठवा, तुम्ही जाऊ नका.

सहावी पायरी : वेळ

तुम्हाला काय येतं ते सांगा, काय बघायचंय ते नव्हे. हिशेब लिहिणारा, बंगाली किंवा तेलुगू जाणणारा, दहावीचं गणित शिकवणारी, दवाखान्यात सोबत जाणारी, अशांची कायम टंचाई असते. संस्था तुमची पोलीस पडताळणी मागेल, बालसंरक्षण धोरणावर सही घेईल. मागत नसेल तर ती संस्था ढिली आहे. निदान सहा महिने नेमाने जाता येणार नसेल तर जाऊ नका. या मुलींनी येणारी-जाणारी माणसं आयुष्यभर पाहिली आहेत.

आत गेल्यावर : फोन पिशवीत. तिची कहाणी विचारायची नाही. तिने आपणहून सांगितली तर ऐकायची, सल्ला द्यायचा नाही, आणि घरी येऊन कोणाला सांगायची नाही. ‘कसं गं सहन केलंस?’ हे वाक्य कितीही जिभेवर आलं तरी गिळायचं. भाजी काय केलीय, क्रिकेट, सिनेमा यावर बोला. मिठी मारायची घाई करू नका. न विचारता अंगाला झालेल्या स्पर्शाचा तिला काय अनुभव आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

सातवी पायरी : काम देणं

कारखाना, बेकरी, पार्लर, छापखाना, हॉटेल असं काही तुमच्याकडे असेल तर तुमची मदत इतर सगळ्यांपेक्षा मोठी आहे. कोलकात्याच्या सोनागाछीत ‘फ्रीसेट’ ही ख्रिस्ती प्रेरणेतून निघालेली संस्था आहे. धंद्यातून बाहेर पडू इच्छिणाऱ्या बायकांना ती पिशव्या शिवायचं रीतसर काम देते. त्याच शहरात ‘सारी बारी’त जुन्या साड्यांच्या कांथा गोधड्या शिवल्या जातात. गोव्यात ‘अर्ज’ ही संस्था ‘स्विफ्ट वॉश’ नावाची लाँड्री चालवते. ती ख्रिस्ती संस्था नाही, पण काम शिकण्यासारखं आहे. तिन्हीकडे मुद्दा एकच : महिन्याच्या शेवटी हातात पडणारा पगार.

पगार बाजारभावाने द्या. पीएफ आणि ईएसआय भरा. तिच्याकडे आधारवर जुना पत्ता असेल, दाखले नसतील, बँकखातं नसेल. पहिले दोन-तीन महिने यातच जातात, ते गृहीत धरा. कोर्टाची तारीख आली की सुट्टी द्या आणि पगार कापू नका. खटला चालू असेपर्यंत दलालाची माणसं तिला गाठायचा प्रयत्न करतात, म्हणून तिच्या येण्याजाण्याच्या वेळा बाहेर सांगायच्या नाहीत. तिची पार्श्वभूमी तुमच्याकडे एकाच माणसाला माहीत असावी. पर्यवेक्षकाला कळली की आठवड्यात सगळ्या पाळीला कळते.

भरपाईचा अर्ज झाला आहे का, हेही विचारा. बलात्कार किंवा पॉक्सोचा गुन्हा दाखल असेल तर महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजना आहे, आणि अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. तिथे वकीलही मोफत मिळतो. अनेक बायकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आठवी पायरी : पॅरिशमध्ये

कॅथलिक चर्चमध्ये ८ फेब्रुवारी, सेंट जोसेफिन बखिता यांचा सण, हा २०१५ पासून मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस आहे. बखिता सुदानच्या दारफुर भागातल्या; लहानपणी पळवल्या गेल्या, अनेकदा विकल्या गेल्या, पुढे इटलीत धर्मभगिनी झाल्या. वसई, मुंबई, गोवा इथल्या पॅरिशना त्याच्या जवळच्या रविवारची दानपेटी अशा कामासाठी ठेवता येईल. धर्मभगिनींचं ‘तालिथा कुम’ हे २००९ पासूनचं जाळं अनेक देशांत याच कामात आहे. प्रॉटेस्टंट मंडळींनी सोयीचा रविवार निवडावा.

मात्र त्या दिवशी कुठल्याही मुलीला व्यासपीठावर उभं करून साक्ष द्यायला लावू नका. तिने होकार दिला तरी नाही. ज्या घरात ती राहते त्या घराच्या माणसांना ती नाही कशी म्हणेल? उपदेशात ‘पापी स्त्री’ हा शब्दही नको. ऐकणाऱ्यांत गिऱ्हाइकं बसलेली असतात, आणि त्यांच्यावर मात्र उपदेशात एक वाक्यही नसतं. पास्टरसाहेबांना हे आधी जाऊन सांगावं लागतं. कोणी तरी सांगा.

आणि लग्न जुळवू नका. पॅरिशमधल्या काकूंना वाटतं की एखादा चांगला मुलगा बघून दिला की झालं पुनर्वसन. स्वतःचं खातं, स्वतःची खोली, स्वतःची कमाई होण्याआधी लावलेलं लग्न अनेकदा नव्या मालकाच्या हाती देणं ठरतं. ती आपलं आपण ठरवेल, तेव्हा रुखवत मांडायला जा.

संस्थेतच काही चुकीचं दिसलं तर

मारहाण, कोंडून ठेवणं, जबरदस्तीची प्रार्थना, हिशेबातला घोळ, किंवा एखाद्या पुरुष पदाधिकाऱ्याची नको तेवढी ये-जा. ‘चर्चची बदनामी होईल’ म्हणून गप्प बसू नका. मुली अल्पवयीन असतील तर बालकल्याण समिती आणि १०९८. लैंगिक छळाचा संशय असेल तर थेट पोलीस. सज्ञान बायकांच्या घराबाबत जिल्हा महिला व बालविकास अधिकारी किंवा राज्य महिला आयोग. पैशाबाबत धर्मादाय आयुक्त. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि मुलीचं नाव तक्रारीत लिहिण्याआधी ते उघड होणार नाही याची विचारणा करा. तक्रारीची एक प्रत बिशपांच्या कार्यालयाला किंवा मंडळीच्या वडिलांना (एल्डरना) द्यायला हरकत नाही, पण आधी सरकारी पोच हातात पडू द्या.